गावाला ठाऊक असलेला खून

रिओआचा हे कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील जुने बंदर. तेथील न्यायमंदिराच्या जीर्ण, वसाहतकालीन इमारतीत भरतीचे पाणी शिरले म्हणजे तळमजल्यावरील ओस कचेऱ्यांतून खटल्यांची सुटी दफ्तरे तरंगू लागतात, आणि त्या घोटाभर पाण्यात उभा राहून एक लेखक, वीस वर्षांपूर्वी आपल्या गावी झालेल्या एका खुनाची कागदपत्रे धुंडाळीत असतो. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या लहानशा कादंबरीतील हा प्रसंग. पाच वर्षांच्या खटपटीनंतर, पाचशेहून अधिक पृष्ठे असावीत अशा त्या दफ्तरापैकी ३२२ पृष्ठे त्याच्या हाती लागतात, तीही योगायोगाने. तपास करणाऱ्या न्यायाधीशाचे नाव त्यांपैकी एकाही पृष्ठावर नाही. मात्र समासात तांबड्या शाईने लिहिलेले त्याचे शेरे आहेत, आणि त्यांवरून दिसते ते असे की, वाङ्मयाचे वेड असलेला हा तरुण अधिकारी आपल्यापुढे आलेल्या हकीकतीने पुरता भांबावून गेला होता. कारण कादंबरीकाराने योजिले असता वाचकाने जे योगायोग कधीही खपवून घेतले नसते, ते सारे येथे साक्षीदारांच्या शपथेवर सिद्ध होऊन त्याच्या मेजावर येऊन पडले होते. एका पृष्ठाच्या कडेला तर त्याने, जाबजबान्या लिहून घेता घेताच, बाणाने विद्ध झालेले हृदय रेखाटून ठेवले आहे.

जुन्या खुनाचा शोध घेणारा लेखक हा अलीकडच्या कादंबऱ्यांचा आवडता नायक झाला आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ मी आवडीने वाचल्या आहेत. तरीही या पाण्यात तरंगणाऱ्या दफ्तराकडे मन पुन्हा पुन्हा वळते, ते एका विशिष्ट कारणासाठी. रहस्यकथेचा गुप्तहेर हा स्वभावतःच परका असतो. बाबुराव अर्णाळकरांच्या धनंजय आणि छोटूच्या संगतीत आमच्या पिढीने सुट्टीतल्या कितीतरी दुपारी घालविल्या, आणि त्या सुखाविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. परंतु धनंजय काय किंवा बेकर स्ट्रीटवरील तो उंच, कृश इंग्रज काय, गुन्ह्याच्या जागी बाहेरून येतो, पुराव्याची साखळी जुळवितो, अपराध्याकडे बोट दाखवितो आणि निघून जातो. तो निघून गेल्यावर त्या गावात मागे राहिलेली माणसे एकमेकांच्या डोळ्याला डोळा कसा देतात, हे पाहण्याचे त्याला प्रयोजन नसते. मार्केझचा लेखक त्याच गावचा आहे. मेलेला त्याचा मित्र, मारणारे त्याच्या ओळखीचे, ज्या मुलीच्या अब्रूपायी हे सारे घडले ती दूरच्या नात्यातली. आणि खुनाच्या आदल्या रात्री लग्नाच्या मेजवानीत तो स्वतः या सर्वांच्या बरोबर प्यायला, नाचला आणि गायला आहे. अशा माणसाला निघून जाण्यासारखी जागाच नसते.

कथानकाचे रहस्य कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात फोडून टाकलेले आहे. सान्तियागो नासार हा एकवीस वर्षांचा, अरब वंशाच्या सधन बापाचा मुलगा त्या दिवशी मारला जाणार, हे तो अंथरुणातून उठण्यापूर्वीच वाचकाला कळते. बिशपची बोट येणार म्हणून तो पहाटे साडेपाचला उठतो, शुभ्र वस्त्रे घालतो, धक्क्यावर जातो. बिशप बोटीतून उतरतदेखील नाही, कठड्याशी उभे राहून हवेत आशीर्वाद देतो आणि बोट पुढे जाते. इकडे आन्हेला विकारिओ या नववधूला तिच्या नवऱ्याने, बायार्दो सान रोमानने, लग्नाच्याच रात्री माहेरी आणून सोडले आहे, कारण ती कुमारिका नव्हती. आणि आईच्या माराने अर्धमेली झालेली ती मुलगी, कोण तो, या प्रश्नाला सान्तियागो नासारचे नाव सांगते. तिचे जुळे भाऊ, पेद्रो आणि पाब्लो, डुकरे मारण्याच्या धंद्यातले. ते घरातल्या सुऱ्या उचलतात, बाजारात जाऊन त्यांना धार लावतात, आणि तेथे जमलेल्या माणसांना आपण कोणाला मारणार आहोत ते उघड सांगतात. हे ऐकल्याचे पुढे बावीस जणांनी जबानीत कबूल केले आहे.

येथून पुढे जे घडते त्याच्याइतके भयंकर असे दुसरे काही मी कादंबरीत क्वचितच वाचले आहे, आणि त्याची भयंकरता अशी की त्यात दुष्ट असा कोणीच नाही. जुळे भाऊ क्लोतिल्दे आर्मेन्ताच्या दुधाच्या दुकानात वाट पाहत बसतात. ती बाई मनोमन ओळखते की या पोरांना कोणीतरी अडवावे अशीच त्यांची इच्छा आहे. एका भीषण कर्तव्यातून त्यांची सुटका करण्याची ती याचना करीत हिंडते. गावचा अधिकारी कर्नल आपोन्ते येतो, सुऱ्या काढून घेतो आणि पोरांना घरी जाऊन झोपा म्हणून बजावतो. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. भाऊ घरून दुसऱ्या सुऱ्या घेऊन परततात; ही वार्ता कळल्यावर कर्नल लक्ष घालण्याचे आश्वासन देतो आणि जाता जाता त्या रात्रीच्या डॉमिनोच्या डावाची वेळ नक्की करण्यासाठी क्लबात शिरतो. तो बाहेर येतो तेव्हा खून झालेला असतो. पाद्री आमादोर यांच्या कानी निरोप जातो; हे काम आपले नव्हे, मुलकी अधिकाऱ्यांचे, असे त्यांना प्रथम वाटते, मग वाटेत मुलाच्या आईला सांगावे असे ते ठरवितात, आणि चौक ओलांडताना, बिशपच्या आगमनाच्या गडबडीत, ते साफ विसरून जातात. कोणी एकाने खुनाची जागा, हेतू आणि सर्व तपशील लिहून एक चिठ्ठी नासारांच्या दाराच्या फटीतून आत सरकविली होती. ती जमिनीवर पडून राहिली आणि सर्व संपल्यावर दिसली. शेवटी खुद्द आई, प्लासिदा लिनेरो, मुलगा वर आपल्या खोलीत पोहोचला आहे अशा समजुतीने रस्त्याकडील दार घाईने लावून घेते, आणि तो त्याच दारापाशी, काही पावलांवर, सुऱ्यांखाली सापडतो.

यांतील प्रत्येकाचे वर्तन वेगळे काढून पाहावे तर समजण्याजोगे आहे. कोणाला ती दारूच्या धुंदीतली बडबड वाटली. कोणाला वाटले, एवढी उघड गोष्ट त्याच्या कानावर गेलीच असेल. कोणाला वाटले, अब्रूचा मामला हा ज्याच्या त्याच्या घरचा, तिसऱ्याने त्यात हात घालू नये. मात्र ही सर्व वर्तने एकत्र बांधली म्हणजे त्यांचे एक मरण होते. ज्ञान सर्वांच्या मालकीचे झाले की त्याची जबाबदारी कोणाच्याच शिरावर राहत नाही, ही गोष्ट समाजशास्त्राच्या पुस्तकांतून सांगता येईल. पण दूध घ्यायला आलेल्या माणसांच्या तोंडून ती जशी कळते तशी तेथे कळणार नाही.

मी तालुक्याच्या गावी वाढलो, आणि जुन्या खुनाची गोष्ट गावात कशी जगते हे मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. माझ्या जन्मापूर्वीच्या अशा एका प्रकरणाविषयी ओसरीवर बोलणे निघाले म्हणजे वडीलधारी माणसे आवाज उतरवीत, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तो दिवस निराळा असे: एकाच्या आठवणीत आभाळ भरून आलेले, दुसऱ्याच्या आठवणीत रणरणते ऊन. मार्केझच्या गावातही हेच आहे. खुनाच्या सकाळी समुद्रावरून झुळूक वाहत होती आणि आकाश लख्ख होते असे काही सांगतात, तर पुष्कळ जण झाकोळलेल्या, भुरभुरत्या पावसाच्या सकाळची शपथ घेतात. लेखक या विसंगतीचा निवाडा करीत नाही, आणि मला ते फार मोलाचे वाटते. पोलिसी तहकिकातीला एकच हवामान लागते. ज्या गावाला आपले मौन आयुष्यभर वागवायचे आहे त्याच्या अंतःकरणात मात्र दोन्ही हवामाने खरी असतात, कारण ज्याला ज्या प्रकारे ती सकाळ सोसवली त्या प्रकारे त्याने ती जतन केलेली असते. आमच्या ओसरीवर एक वाक्य मात्र सर्वांच्या तोंडी सारखेच येई: आम्हांला वाटले, त्याला कोणी ना कोणी सांगितले असेल. पुढे मोठेपणी ही कादंबरी वाचताना कोलंबियातील एका नदीकाठच्या गावाने ते वाक्य माझ्यासमोर उच्चारले, तेव्हा मी पुस्तक मिटून काही काळ बसून राहिलो होतो.

न्यायालयाच्या फैसल्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जामीन भरण्याची ऐपत नसल्यामुळे दोघे भाऊ रिओआचाच्या तुरुंगात तीन वर्षे खितपत पडले, आणि मग अब्रूच्या रक्षणार्थ केलेले कृत्य म्हणून सुटले. हे वाचून आपण सुसंस्कृतपणाने मान हलवू लागलो, तर मुंबईचा नाणावटी खटला आठवावा. १९५९ साली पत्नीच्या प्रियकरावर गोळी झाडणाऱ्या त्या नौदल अधिकाऱ्याला ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले होते, वर्तमानपत्रांनी त्याची बाजू उचलून धरली होती, आणि उच्च न्यायालयाने दिलेली व १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेली जन्मठेप पुष्कळांना जाचक वाटली होती. आपल्या घराघरांतून ‘लोक काय म्हणतील’ हा जो अदृश्य हाकिम बसलेला असतो, त्याचा हुकूम मानण्यात आपण कोलंबियाच्या त्या गावाहून फारसे मागे नाही. विकारिओ बंधूंना कोणाला मारायचे नव्हते, हे सर्व गाव जाणून होते. आणि तेच गाव, त्यांनी न मारले असते तर, त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहणार होते हेही ते दोघे जाणून होते.

आता त्या लेखकाकडे वळतो. कारण मला जे सांगायचे आहे ते त्याच्याविषयी आहे. सबंध गाव जागे असताना, घंटा वाजत असताना, हा निवेदक मारिया आलेहान्द्रिना सेर्व्हान्तेस या गणिकेच्या बिछान्यात, लग्नातल्या मद्यपानाच्या ग्लानीत झोपलेला होता. मित्राला सावध करण्याची वेळ ज्यांच्यावर आली आणि ज्यांनी ती दवडली, त्यांच्यात त्याची गणना होत नाही. पण जे जागेच नव्हते त्यांच्यात होते, आणि सत्तावीस वर्षांनी गावी परत येऊन दारोदार हिंडताना तो हे लपवीत नाही. मला वाटते, त्याला लोक जे सांगतात ते याचमुळे सांगतात. खुनानंतर गावकरी, समन्स नसताना, न्यायाधीशापुढे साक्ष द्यायला रेटारेटी करीत होते, कारण त्या नाटकात आपलेही पात्र होते हे नोंदले जावे अशी प्रत्येकाची इच्छा होती. लेखकापुढे मात्र तीच माणसे आपले पात्र किती अपुरे पडले ते सांगतात. दफ्तरासाठी माणूस स्वतःला महत्त्वाचे स्थान देतो आणि आपल्यासारख्याच उणिवेच्या माणसासाठी खरे बोलतो.

ही कादंबरी केवळ कल्पनेतून आलेली नाही. १९५१ च्या जानेवारीत कोलंबियाच्या सुक्रे गावी, जेथे मार्केझचे आईबाप आणि भावंडे तेव्हा राहत होती, असाच एक खून झाला, आणि मेलेला तरुण त्या घरच्या जिव्हाळ्यातला होता. मार्केझ तेव्हा तेवीस वर्षांचा, वार्ताहर म्हणून धडपडणारा लेखक होता. ही हकीकत ताबडतोब लिहून काढावी अशी त्याला विलक्षण ओढ लागली. तेव्हा त्याच्या आईने, लुईसा सान्तियागा यांनी, त्याला अडविले: मृताची आई हयात आहे तोवर हे लिहू नकोस. त्याने ते मानले. आपल्या आत्मचरित्रात तो सांगतो की सुमारे तीस वर्षांनी आईनेच त्याला बार्सिलोनास दूरध्वनी करून ती दुसरी आई निवर्तल्याचे कळविले, आता विरोध करण्यास आपल्यापाशी कारण उरले नाही असे तिला वाटले, आणि एकच विनवणी तिने केली: तो मुलगा माझाच मुलगा होता असे समजून त्याच्याविषयी लिही. दरम्यान त्याच्या हातून इतर ग्रंथ लिहून झाले होते, तो जगप्रसिद्ध झाला होता, आणि त्या अवधीत गुन्हा हा विषयच त्याच्या दृष्टीने मागे पडून गावाचा सामुदायिक उत्तरदायित्वाचा प्रश्न पुढे आला होता. वाट पाहिल्याने विषय परिपक्व झाला हे खरे; परंतु ती वाट एका स्त्रीच्या दुःखाला दिलेला मान म्हणून पाहिली गेली, हे मला त्याहून मोठे वाटते.

याच्या शेजारी दुसरी एक वाट ठेवून पाहतो. ट्रुमन कपोटी हा अमेरिकन लेखक १९५९ साली कॅन्सस प्रांतातील हॉलकम या खेड्यात गेला. त्या नोव्हेंबरात तेथे क्लटर कुटुंबातील चौघांचा खून झाला होता. त्याच्यासोबत पुढे स्वतःही कीर्ती मिळविणारी हार्पर ली होती. कपोटीने अफाट परिश्रमाने हजारो पृष्ठांची टिपणे जमविली, दोन्ही खुन्यांशी स्नेह जोडला. पण त्याच्या ग्रंथाला शेवट हवा होता, आणि तो शेवट म्हणजे त्यांची फाशी. अपिलांमागून अपिले होत गेली, वर्षे लांबली, आणि १४ एप्रिल १९६५ रोजी ते दोघे फासावर गेल्यावरच ‘इन कोल्ड ब्लड’ पूर्ण झाले. त्या ग्रंथाचे कलागुण मी नाकारीत नाही. त्यातील सपाट, वाऱ्याने झोडपलेला गव्हाचा प्रदेश माझ्या स्मरणातून जाणार नाही. तरीही एकाने आपले पुस्तक संपविण्यासाठी माणसांच्या मरणाची वाट पाहिली आणि दुसऱ्याने एका मातेच्या हयातीत ते सुरू करण्याचे नाकारले, हा भेद मला केवळ परिस्थितीचा वाटत नाही. जुन्या खुनाला हात घालणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे या दोन वाटा येतात. आणि वाचक म्हणून आपण जी उत्कंठा बाळगतो ती पुष्कळदा पहिल्या वाटेवर त्याला ढकलीत असते.

खऱ्या लोकांच्या आयुष्यातून कथा घेण्याचे देणे मार्केझलाही चुकले नाही. प्रत्यक्ष घटनेतील नवरदेवाने, ही आपल्याच आयुष्याची हकीकत आहे असे सांगून, मोबदल्यासाठी दावा गुदरला, आणि बारान्किया येथील न्यायालयाने २०११ साली तो फेटाळला, तेव्हा लेखक चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. कायद्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच. त्या माणसाला काय वाटले असेल याचा विचार मात्र मी करतो. ज्याच्या बेअब्रूच्या एका रात्रीचे भाषांतर जगातल्या कितीतरी भाषांत झाले, त्याला कोणता फैसला पुरा पडणार?

शोधाचे फळ म्हणून जे कळायला हवे ते या शोधात कळतच नाही. सान्तियागो नासार खरोखर अपराधी होता काय, याचा एकही दाखला न्यायाधीशाला मिळाला नाही. मरणाऱ्याच्या वागण्यातून तर त्याला आपण का मारले जात आहोत हेच उमगले नव्हते असे वाटते. शवविच्छेदनाचा प्रसंगही तसाच: डॉक्टर गावात नाहीत, शव ठेवण्याजोगे शीतकपाट नाही, म्हणून पाद्र्यानेच शाळेच्या इमारतीत ते काम उरकले, आणि पोटात निघाली ती लहानपणी मुलाने गिळलेली कुमारी मातेची सोन्याची पदकप्रतिमा. देह एवढा उघडला, तरी त्या एका प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. लेखक अखेर आन्हेला विकारिओला गाठतो. ती आता प्रौढ, शांत, भरतकाम करून जगणारी बाई आहे. ज्याने आपल्याला टाकले त्या नवऱ्याला तिने सतरा वर्षे पत्रे लिहिली आणि एके दिवशी तो ती जवळजवळ दोन हजार पत्रे, एकही न फोडता, घेऊन तिच्या दारी आला. ही कथा येथे विस्ताराने सांगण्याचा मोह मी आवरतो. मित्राच्या नावाचा प्रश्न विचारल्यावर ती शिवणावरून मान वर करते, लेखकाला नात्याने संबोधून हे उकरू नकोस म्हणते, आणि तोच होता एवढे सांगून थांबते. तो पुन्हा विचारीत नाही. गुप्तहेर असता तर विचारले असते.

आईची अट पाळली गेली की नाही, हे पाहायचे असेल तर कादंबरीतली लुईसा सान्तियागा पाहावी. तिला लेखकाने खऱ्या नावानिशी कथेत आणले आहे. सान्तियागो नासारचे नाव तिच्याच नावावरून ठेवलेले, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची धर्ममाताही तीच. परंतु ज्या मुलीच्या घरचे लोक त्याला मारायला निघाले आहेत त्यांच्याशीही तिचे रक्ताचे नाते आहे. जिला गावातली प्रत्येक बातमी सर्वांआधी कळत असे, तिला ही बातमी सर्वांनंतर कळते. मग ती दोन्ही नात्यांची बेरीज-वजाबाकी करीत बसत नाही; जो मरणार आहे त्याच्या बाजूला जायचे एवढेच ठरवते, चर्चला जाताना घालायचे बूट चढवते, धाकट्या मुलाचा हात धरते आणि झपाझप रस्त्याने निघते, नवरा मागून हाका मारीत असताना, वाटेत कोणाशी एक शब्द न बोलता. गावातली माणसे एव्हाना चौकाच्या दिशेने धावू लागली होती. उलट दिशेने धावत येणाऱ्या कोणीतरी तिला ओरडून सांगितले की आता जाण्यात अर्थ नाही, त्याला मारून झाले आहे.